जर्मनीत नवीन आलात? दुकानं, बाजार, पैसे आणि बाटल्यांबद्दल सगळे विचारतात ते प्रश्न

सप्टेंबर-ऑक्टोबरला मास्टर्ससाठी येणारी मुलं आणि वर्षभर कधीही नोकरीसाठी येणारी मंडळी, सगळ्यांचे पहिल्या आठवड्यातले मेसेज जवळपास सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. इथं दुकानात कोणी तुमच्याजवळ येऊन "काय पाहिजे ताई" असं विचारत नाही, पण बहुतेक सगळं पाटीवर, पाकिटावर आणि पावतीवर लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या, त्याने पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

रविवारी सगळं बंद असतं म्हणतात, खरंच का?

खरंच. रविवारची सुट्टी इथं थेट राज्यघटनेत आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १३९ आजच्या घटनेत तसंच्या तसं ठेवलंय, त्यामुळे सुपरमार्केट, मॉल, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यांची शटरं खाली. बाकीच्या दिवशी दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं ते २००६ पासून प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. म्युनिकवाल्यांनो, तुमच्याकडे बायर्नमध्ये रात्री ८ ला खेळ खलास. बर्लिनमध्ये मात्र सोमवार ते शनिवार वेळेचं बंधन नाही आणि बरीच सुपरमार्केट रात्री उशिरापर्यंत चालतात.

रविवारी अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात (बर्लिन, हॅम्बर्ग, फ्रँकफर्ट वगैरे), पेट्रोल पंपावर दूध-ब्रेड मिळतं पण महाग, आणि बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. बर्लिनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर श्पेटी नावाची छोटी दुकानं आहेत, तिथं बिस्किटं, कोल्ड्रिंक, चिप्स असं मिळून जातं. पण भाजी, डाळ, पीठ हे शनिवारी संध्याकाळच्या आतच घरात आलेलं असू द्या, आणि शनिवारी संध्याकाळी अख्खं गाव दुकानात असतं हेही धरून चाला.

सणांचं तर आधीपासून बघा. २४ डिसेंबरला दुपारी २ च्या सुमारास दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला पूर्ण सुट्टी. २०२६ मध्ये २५ शुक्रवारी, २६ शनिवारी आणि २७ ला लगेच रविवार, म्हणजे गुरुवारी दुपारी जे घरात असेल त्यावर सोमवार सकाळपर्यंत काढायचं. ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार चालू, रविवार-सोमवार परत बंद. सगळ्या सुट्ट्या सगळ्या राज्यांत सारख्या नसतात, तेव्हा आपल्या राज्याच्या सुट्ट्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आल्या आल्या, आजच.

आल्डी, लिडल, रेवे, एडेका, डीएम... कुठं जायचं नेमकं?

आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो ही स्वस्त दुकानं, म्हणजे डिस्काउंटर. माल कमी प्रकारचा पण रोजचं सगळं मिळतं. रेवे आणि एडेकात प्रकार जास्त, भावही थोडे जास्त, पण त्यांचे स्वतःचे स्वस्त ब्रँड आहेत (रेवेचा 'या', एडेकाचा 'गुट उंड ग्युन्स्टिग') आणि ते डिस्काउंटरच्याच भावाला पडतात, बहुतेक वेळा खालच्या फळीवर ठेवलेले असतात म्हणून वाका आणि बघा. कॉफलांड प्रचंड मोठं असतं, महिन्याच्या सामानाला बरं. साबण, शाम्पू, डिटर्जंट, डायपर, सॅनिटरी पॅड हे डीएम किंवा रॉसमानमध्ये घ्या. तिथंच बेसन, रवा, लाल मसूर, सुकामेवा असं बायो (म्हणजे सेंद्रिय) धान्यही मिळतं जे पुष्कळांना माहीतच नसतं.

तुर्की दुकान मात्र घराजवळचं पहिल्याच आठवड्यात शोधा. कोथिंबिरीची खरी जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी, छोटी वांगी, मोठ्या डब्यातलं दही, छोले-राजमा किलोकिलोने, हे सगळं तिथं सुपरमार्केटपेक्षा स्वस्त आणि ताजं मिळतं. सुपरमार्केटमधली कोथिंबीर म्हणजे प्लास्टिकमध्ये चार काड्या नाहीतर एवढीशी कुंडी, त्यात आपलं काय होणार.

सामान ठेवायला ट्रॉली हलतच नाही, ती साखळीने बांधलेली का असते?

१ युरोचं नाहीतर ५० सेंटचं नाणं तिच्या खाचेत सरकवा, साखळी सुटते, ट्रॉली परत लावली की नाणं परत. पाकिटात एक नाणं कायम राखीव ठेवा.

बिलिंगला एवढी घाई का असते? माझ्यामागे रांग लागली आणि मला घाम फुटला.

सगळ्यांना फुटतो. काउंटरवरची बाई किंवा माणूस बसूनच काम करतो आणि स्कॅनिंगचा वेग भयानक असतो, पिशवीत भरून द्यायला कोणी नसतं. त्यामुळे पट्ट्यावर माल ठेवतानाच क्रम लावा: जड आणि कडक माल पुढे, अंडी, टोमॅटो, ब्रेड मागे, बाटल्या आडव्या. तुमचं सामान संपलं की तिथली काठी मध्ये ठेवायची, म्हणजे मागच्याचं बिल तुमच्यात जात नाही, आणि ती ठेवायची जबाबदारी पुढच्याची मानतात म्हणजे तुमची. स्कॅन झालेलं सगळं सरळ ट्रॉलीत ढकला, पैसे द्या, बाजूला व्हा आणि मग खिडकीजवळच्या लांब फळीवर निवांत पिशव्या भरा, ती फळी त्यासाठीच असते.

पिशवी घरून न्या. नेहमीच्या प्लास्टिक कॅरीबॅग २०२२ पासून बंद आहेत, कागदी किंवा कापडी विकत मिळते. रिकामी सॅक घेऊन आत गेलात तरी चालतं, काउंटरवर कधी ती उघडून दाखवायला सांगतात, रागावू नका, सगळ्यांनाच सांगतात.

बोलणं फार नसतं. आधी "हालो", मग पॉइंट्सचं कार्ड आहे का विचारतील (नसेल तर "नाइन, डांके"), मग पावती हवी का ("बोन?"). पावती घ्याच, कारण खाली सांगतो. तुमच्या हातात फक्त दुधाची पिशवी आणि पुढच्याची ट्रॉली भरलेली असेल तर बरेच जण आपणहून पुढे जायला सांगतात, तुम्हीही तसं करत जा.

घासाघीस चालते का? आणि एमआरपी कुठं लिहिलेली असते?

दुकानात घासाघीस नाही. एमआरपी हा प्रकारच नाही, एकच बिस्किटाचा पुडा तीन दुकानांत तीन भावाला असू शकतो आणि स्टेशनात तर दुप्पट. फळीवर जो भाव लिहिलाय त्यात टॅक्स धरलेला असतो, काउंटरवर वेगळं काही वाढत नाही. खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर ७ टक्के, बाकी मालावर आणि कोल्ड्रिंक, ज्यूस, पाण्याच्या बाटलीवर १९ टक्के, पावतीवर तळाशी फोड करून दिलेली असते.

भावाच्या पाटीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिणं दुकानांना बंधनकारक आहे. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं गृहीत धरू नका, तो बारीक आकडा बघा, कितीदा तरी छोटं पाकीट स्वस्त निघतं. संध्याकाळी उशिरा गेलात तर मुदत संपत आलेल्या मालावर ३० टक्के वगैरेचे स्टिकर लावलेले असतात, दही-पनीर-ब्रेडला ते उत्तम. आणि मुदतीवरून आठवलं, 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' म्हणजे या तारखेपर्यंत उत्तम राहील, त्यानंतर बघून, वास घेऊन खाल्लं तर चालतं. 'फरब्राउखन बिस' लिहिलं असेल (खिमा, चिकन) तर त्या तारखेनंतर अजिबात खाऊ नका.

आठवडी बाजारात मात्र बाजार उठायच्या वेळेला जा. बर्लिनच्या मायबाखउफरचा तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, शेवटच्या तासात विक्रेते ओरडून ओरडून भाव पाडतात आणि पेटीच्या पेटी आंबे-टोमॅटो हातात देतात. एक पाळा, बाजारात फळं आपण चाचपून बघायची नसतात, बोट दाखवायचं, तो भरून देतो.

यूपीआय चालतं का? कार्डवर भागेल की कॅश लागेल?

आपलं रोजचं यूपीआय विसरा. सुपरमार्केटमध्ये व्हिसा-मास्टरकार्ड, फोनने टॅप, सगळं चालतं. पण लहान बेकरी, बाजार, डोनरवाला, काही भारतीय दुकानं, न्हावी इथं 'नुअर बारत्साहलुंग' अशी पाटी असते म्हणजे फक्त रोख. काही ठिकाणी गिरोकार्ड (इथल्या बँकांचं स्वतःचं डेबिट कार्ड) चालतं पण व्हिसा नाही, आणि गोची अशी की नवीन ऑनलाइन बँका सुरुवातीला व्हिसा किंवा मास्टरकार्ड डेबिटच देतात, गिरोकार्ड वेगळं मागावं लागतं. म्हणून ३०-४० युरो रोख कायम जवळ असू द्या. बऱ्याच सुपरमार्केटमध्ये आणि डीएममध्ये सामान घेताना काउंटरवरच खात्यातून रोख काढून देतात, त्यामुळे परक्या एटीएमची फी भरत बसायची गरज नाही. आणि सुटे सेंट इथं शेवटच्या नाण्यापर्यंत परत देतात, चॉकलेट हातात ठेवत नाहीत.

पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट जास्त लावले, फसवलं का मला?

नाही हो, ते फांड म्हणजे अनामत. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांना २५ सेंट, ही पद्धत १ जानेवारी २००३ पासून आहे. आधी ज्यूस वगैरेला सूट होती, २०२२ पासून जवळपास सगळ्याच पेयांना लागू झालं आणि २०२४ पासून प्लास्टिक बाटलीतल्या दुधालाही. परत परत भरून वापरायच्या बाटल्यांना कमी असतं, बिअरच्या साध्या बाटलीला ८ सेंट, बाकीच्यांना बहुतेक १५. काचेच्या बरणीतलं दही घेतलंत तर त्या बरणीलासुद्धा बऱ्याचदा १५ सेंट.

बाटली रिकामी झाली की चेपू नका आणि लेबल फाडू नका, मशीन बारकोड वाचतं. सुपरमार्केटच्या दाराजवळ नाहीतर मागच्या भिंतीत ते मशीन असतं, बाटली तळाकडून आत सरकवायची, सगळ्या झाल्या की हिरवं बटण दाबायचं, चिठ्ठी येते. ती चिठ्ठी काउंटरवर द्या, बिलातून वजा होतं किंवा रोख मिळतं. चिठ्ठी त्याच दुकानात वापरायची, बाटली मात्र कुठून घेतली याचा सहसा प्रश्न नाही, लिडलची बाटली रेवेत चालते. महिन्याभराच्या बाटल्या साठवल्या तर सहज एका वेळचं भाजीचं बिल निघतं.

वाइनच्या बाटल्या, लोणच्याच्या-जॅमच्या बरण्या यांना फांड नसतं, त्या रस्त्यावरच्या काचेच्या कंटेनरमध्ये रंगाप्रमाणे टाकायच्या, आणि रविवारी किंवा रात्री नाही, आवाज होतो म्हणून शेजारी तक्रार करतात. रस्त्यावर कचरापेटीच्या शेजारी कोणी बाटली ठेवलेली दिसली तर ती बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्या माणसांसाठी ठेवलेली असते. तुम्हाला बाहेर फिरताना बाटली बाळगायची नसेल तर पेटीत न टाकता तशीच बाजूला ठेवा, कोणाला हात घालून उपसावं लागू नये.

पोळ्यांसाठी कुठलं पीठ घ्यायचं? इथल्या पिठाच्या पोळ्या वातड होतात.

पाकिटावरचा आकडा बघा. टाइप ४०५ म्हणजे जवळपास मैदा, त्याच्या पोळ्या गरम असताना बऱ्या आणि तासाभरात रबर. टाइप ५५० जरा बरं, १०५० अजून काळपट आणि कोंड्याच्या जवळचं, आणि 'फोलकॉर्न' म्हणजे संपूर्ण गहू, पण तो आपल्या चक्कीसारखा दळलेला नसतो, कोंडा टोचत राहतो आणि पोळी कडेला फाटते. चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं म्हणून पोळी मऊ राहते, हा मुख्य फरक. तात्पुरतं भागवायचं तर १०५० आणि फोलकॉर्न अर्धं अर्धं, कोमट पाण्यात सैलसर भिजवून चांगलं अर्धा तास झाकून ठेवा, तेल जरा सढळ. पण रोज पोळी लागणारं घर असेल तर सरळ भारतीय दुकानातून १० किलोची आट्याची गोणी आणा, दोघांत-तिघांत वाटून घ्या, यात कंजूषी करू नका.

'दिंकल' लिहिलेलं पीठ म्हणजे गव्हाचाच एक जुना भाऊबंद, 'रॉगन' म्हणजे राय, त्याच्या पोळ्या लाटायच्या भानगडीत पडू नका. उपम्याला 'हार्टवाइत्सनग्रीस' घ्या, दाणा मोकळा राहतो, 'वाइखवाइत्सनग्रीस' शिऱ्याला ठीक आहे पण उपमा गिच्च होतो. बेसन म्हणजे 'किखरएर्बसनमेल', खाण्याचा सोडा म्हणजे 'नाट्रोन'.

दही, तूप, पनीर? गुढीपाडव्याला श्रीखंड होईल का?

होईल, आणि फार छान होईल. इथलं दूध-दुभतं हे या देशातलं सुख आहे, माझ्या मते परदेशात मराठी स्वयंपाक जमायला एवढी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

दह्याच्या डब्यावर 'योगुर्ट मिल्ड' लिहिलेलं असेल तर ते गोडसर असतं, त्यात वेगळं विरजण असतं. कढीला, ताकाला, मठ्ठ्याला आंबटपणा पाहिजे तर 'मिल्ड' न लिहिलेलं ३.५ टक्क्यांचं साधं योगुर्ट बघा किंवा तुर्की दुकानातला १० टक्के फॅटचा मोठा डबा घ्या. त्याच दह्याचं विरजण लावून घरी दही लागतं, थंडीत हीटरच्या जवळ टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेवलं की झालं. दूध 'फ्रिशमिल्श' ३.५ किंवा ३.८ टक्के घ्या, पनीरलाही तेच. 'हा-मिल्श' हे बाहेर टिकणारं दूध, चहाला चालून जातं, पण पनीरला त्याचा गोळा नीट बसत नाही.

श्रीखंडाला 'श्पाइजेक्वार्क' (चक्क्यासारखं मऊ ताजं चीज) ४० टक्केवालं आणा, २५० किंवा ५०० ग्रॅमच्या डब्यात येतं. झाकण काढल्यावर वर जे पाणी सुटलेलं असतं ते ओतून टाका, पातळ सुती कापडात घालून चाळणीवर फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, चक्क्यासारखं घट्ट होतं. मग पिठीसाखर (इथं 'पुडरत्सुकर' म्हणून तयार मिळते) घालून बारीक चाळणीतून पुरणासारखं घासून काढा, हे टाळू नका, क्वार्कला जी किंचित कणी असते ती त्यानेच जाते. वेलची, केशर, चारोळी. आंबटपणा कमी वाटला तर दोन चमचे तुर्की घट्ट दही मिसळा. क्वार्क करताना बऱ्याचदा थोडं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य, ते वासराच्या जठरातूनही काढतात) वापरतात, तुमच्या घरी ते चालत नसेल तर तुर्की दही टांगून चक्का करा, वेळ जास्त लागतो पण चव अस्सल.

तूप म्हणून 'बुटरश्माल्त्स' तयार मिळतं, फोडणीला ठीक. वरणभातावर घ्यायचं तूप मात्र घरी कढवा, आणि त्यासाठी 'झाउअररामबुटर' म्हणजे आंबवलेल्या सायीचं लोणी घ्या, गोड्या लोण्यापेक्षा त्याच्या तुपाला घरच्या लोणकढ्या तुपाचा वास जवळचा येतो. मिठाचं नाही ना ते बघून घ्या.

तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, मासे कुठं मिळतील?

लाल मसूर सगळीकडे, 'रोटं लिन्झन' नावाने. तूरडाळ, मटकी, पोहे, साबुदाणा, भगर, गूळ हे भारतीय दुकानात. कढीपत्ता श्रीलंकन तमिळ दुकानांत बघा, त्यांची दुकानं जर्मनीत पुष्कळ आहेत, ताजा आला की जास्त घ्या, धुऊन कोरडा करून फ्रीझरमध्ये टाका. ओलं खोबरंही त्यांच्याकडे फ्रोझन मिळतं.

कोकण-गोव्याच्या मंडळींसाठी: 'माक्रेलं' म्हणजे बांगड्याचा इथला नातेवाईक, जात वेगळी आणि तेल जास्त, तिखलं छान होतं पण तळताना तेल कमी घाला. तुर्की मासेवाल्याकडे ताजा मिळतो आणि साफ करून देतात. सुरमई आशियाई किंवा तमिळ दुकानात फ्रोझन.

मी शाकाहारी आहे, हिरवा ठिपका कुठं असतो?

तो ठिपका इथं नाही. 'फेगन' किंवा 'फेगेटारिश' लिहिलेलं असतं किंवा पिवळ्या गोलातलं 'व्ही' चिन्ह असतं, पण ते ऐच्छिक आहे, म्हणजे चिन्ह नाही याचा अर्थ मांस आहे असा होत नाही, घटक वाचावे लागतात. हे शब्द पाठ करा: फ्लाइश म्हणजे मांस, श्वाइन डुक्कर, रिंड गाय-बैल, श्पेक आणि शिंकन डुकराचंच, श्माल्त्स चरबी (पण बुटरश्माल्त्स म्हणजे तूप, गोंधळू नका), गेलाटिनं जिलेटिन, लाब रेनेट, आय म्हणजे अंडं. जिलेटिन गमी गोळ्या, मार्शमॅलो आणि काही योगुर्ट-डेझर्टमध्ये असतं. खिमा घेणाऱ्यांनी 'गेमिश्ट' शब्द बघा, त्यात गाय आणि डुक्कर दोन्ही असतं.

अंड्यांवर शिक्का असतो, त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी वाढवली ते सांगतो, ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्यावर, २ शेडमध्ये, ३ पिंजऱ्यात. जमत असेल तर ० किंवा १ घ्या असं मी तरी सगळ्यांना सांगतो.

भारतातून बॅगेत काय आणू? आई पेढे आणि तूप देतेय.

आईचं मन मोडतंय पण पेढे, बर्फी, तूप, खवा काहीही आणू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सने बघितलं की काढून टाकतात. ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय नाहीत (केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन सोडून), म्हणजे हापूसची पेटी नाही. आंब्यातल्या फळमाशीमुळे युरोपने २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयातच काही महिने बंद केली होती, तेव्हा हे लोक ते गंभीरपणे घेतात. हापूस इथं सीझनला भारतीय दुकानात विमानाने येतो, महाग पडतो, तरी वर्षातून एकदा घ्यावा.

आणायचं ते हे: गोडा मसाला, काळा मसाला, घरचं तिखट, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, पापड-कुरडया. डाळ-तांदळाने बॅग भरू नका, ते इथं मिळतं. औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

कुकर आणू का? प्लग चालतो का?

व्होल्टेज सारखंच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बहुतेक बसतो, मिक्सरची तीन पिनांची जाड पिन बसत नाही, अॅडॉप्टर लागतो. कुकर आणण्याआधी घरातली शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, बुडाला इंडक्शनचं चिन्ह असलेला स्टीलचा आणा. काचेच्या शेगडीवर अॅल्युमिनियम चालतं पण बूड सपाट हवं, आणि जड तवा घासत ओढू नका, चरा पडला तर घर सोडताना डिपॉझिटमधून कापतात. इथल्या कुकरला शिट्टी नसते, मिनिटं मोजावी लागतात, म्हणून आपला आणणंच बरं.

क्रोसिन सुपरमार्केटमध्ये मिळेल का?

नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन फक्त 'आपोथेके'त, लाल रंगाचं मोठं 'ए' अक्षर बघा. डीएम-रॉसमानमध्ये व्हिटॅमिन, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, बँडेज एवढंच. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कोणी देणार नाही, विनंती करून उपयोग नाही. सरकारी इन्शुरन्स असेल तर २०२४ पासून चिठ्ठी इन्शुरन्स कार्डवरच असते, कार्ड मशीनला लावायचं आणि औषधाच्या किमतीच्या १० टक्के पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो भरायचे. रात्री आणि रविवारी पाळीने एखादं आपोथेके उघडं असतं, कुठलं ते प्रत्येक आपोथेकेच्या दारावर लावलेलं असतं. लहान मुलं असतील तर तापाचं औषध घरात आणून ठेवा, ताप नेमका शनिवारी रात्री येतो.

थंडीचे कपडे भारतातून घेऊ का?

स्वेटर, थर्मल आणा, जाड जाकीट आणि बूट इथंच. जाकीट वाऱ्या-पावसाला टिकणारं आणि डोक्यावर टोपी असलेलं हवं, कारण इथं छत्रीपेक्षा जाकीटच कामी येतं. जानेवारी-फेब्रुवारीत सेल लागतात पण तेवढं थांबू नका, पहिला हिवाळा निभावायला सेकंडहँड घ्या. बुटाचा नंबर वेगळा, आपला ८ म्हणजे इथला साधारण ४२.

घरात किचनच नाहीये! दिवेही नाहीत!

भाड्याच्या घरात असंच असतं बऱ्याचदा, ओटा, सिंक, शेगडी जुना भाडेकरू घेऊन जातो नाहीतर तुम्हाला विकतो. घर बघतानाच विचारा. सामानासाठी 'क्लाइनआनत्साइगन' ही साइट, तिथं भावापुढे 'फाउबे' लिहिलं असेल तर घासाघीस चालते, इथं मात्र करा. घर किंवा वस्तू न बघता आगाऊ पैसे पाठवू नका, कोणीही कितीही गोड बोललं तरी. रस्त्यावर 'त्सु फरशेंकन' लिहिलेली पेटी दिसली तर त्यातलं घेऊन जा, त्यासाठीच ठेवलेली असते, कपबशा आणि पुस्तकं छान मिळतात.

पार्सल आलंच नाही, 'पत्ता सापडला नाही' म्हणतात.

बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव आहे का? इथं फ्लॅट नंबर नसतो, डिलिव्हरीवाला नावावरून बेल शोधतो. नाव नसेल तर पार्सलच काय, बँकेचं कार्ड आणि इन्शुरन्सची पत्रंही परत जातात. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात 'बाय' लिहून बेलवरचं आडनाव घाला. तुम्ही घरी नसाल तर शेजाऱ्याकडे ठेवतात आणि पेटीत चिठ्ठी टाकतात, शेजाऱ्याचं पार्सल तुम्हीही घ्या, ओळखी तिथूनच होतात. नाहीतर डीएचएलच्या पॅकस्टेशनवर नोंदणी करा, पिवळ्या कपाटातून कधीही काढता येतं.

वस्तू आवडली नाही तर परत करता येते का?

ऑनलाइन घेतली असेल तर १४ दिवसांत, कारण न देता, कायद्याने. दुकानातून घेतलेली चांगली वस्तू परत घेणं मात्र दुकानाच्या मर्जीवर असतं, बरीच मोठी दुकानं घेतात पण पावती मागतात. वस्तू बिघडलेली निघाली तर गोष्ट वेगळी, दोन वर्षं विक्रेत्याची जबाबदारी असते, आणि पहिल्या वर्षात बिघाड तुमच्यामुळे झाला नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. "कंपनीकडे जा" असं सांगून दुकानदार टाळायला बघतात, तेव्हा 'गेवेअरलाइस्टुंग' हा शब्द वापरा आणि शांतपणे उभे राहा, तुमचा करार दुकानाशी झालेला असतो, कंपनीशी नाही. पावतीची शाई काही महिन्यांत उडते, घरी आलं की लगेच फोटो काढा.

आईबाबा भेटायला आलेत, त्यांच्या खरेदीवर टॅक्स परत मिळतो का?

मिळतो, ते युरोपियन युनियनच्या बाहेर राहतात म्हणून. तुम्ही इथले रहिवासी म्हणून तुम्हाला नाही. एका बिलावर ५० युरोपेक्षा जास्त खरेदी हवी, आणि दुकान टॅक्स-फ्री देणारं हवं, दारावर स्टिकर असतो, नसेल तर विचारा. बिल करतानाच आईबाबांचा पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा, नंतर मागितला तर बऱ्याचदा देत नाहीत. वस्तू तीन महिन्यांच्या आत देशाबाहेर जायला पाहिजे आणि वापरलेली नको. एअरपोर्टवर बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टम्सच्या काउंटरवर वस्तू, फॉर्म, पावती दाखवून शिक्का घ्यायचा. त्या वस्तू बॅगेत वरच ठेवा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी निघा, तिथं रांग मोठी असते. विमान पॅरिस किंवा अॅमस्टरडॅमवरून बदलत असेल आणि वस्तू हातातल्या बॅगेत असतील तर शिक्का त्या शेवटच्या युरोपियन एअरपोर्टवर घ्यायचा.